उंबऱ्याबाहेरचे बूट

लीड्सच्या साकेत रेगेचा धंदा उष्णतेच्या मागावर राहण्याचा होता. लोकांच्या घरी जायचं, हातातला थर्मल कॅमेरा भिंतींवरून, खिडक्यांवरून, छतावरून फिरवायचा आणि घरमालकाला अत्यंत नम्रपणे सांगायचं, की गेली वीस वर्षं आपण घर सोडून गल्ली तापवत आहात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गरम वस्तू पिवळ्या-नारिंगी दिसतात, गार वस्तू निळ्या-जांभळ्या. "इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं," हे वाक्य तो दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत असे. त्याची बायको आश्लेषा हिने ते जेवणाच्या टेबलावर म्हणायला बंदी केली होती.

असा माणूस वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बुटांच्या प्रेमात पडला, याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्लेषाला तर सुटल्यासारखं वाटलं. या वयात लोक मोटरसायकली घेतात.

बूट होतेच तसे. खाली घोट्यापर्यंत काळं, जाड, एकसंध रबर. त्यावर मधाच्या रंगाचं चामडं, थेट पोटरीपर्यंत. आत राखाडी फेल्टचा अख्खा दुसरा बूट, ओला झाला तर बाहेर काढून वाळवण्यासाठी. तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा. पुढे बोटांना ऐसपैस जागा, कारण ऊब देते ती मुळात बुटात अडकलेली हवा. आतल्या लेबलावर लिहिलं होतं: उणे बत्तीस अंशांपर्यंत. यॉर्कशायरमध्ये उणे बत्तीस हे तापमान फक्त शेजाऱ्यांच्या 'गुड मॉर्निंग'मध्ये आढळतं. तरीही आपल्या पायांची एवढी ऐपत आहे, या नुसत्या कल्पनेने साकेतची चाल बदलली होती. दोन हिवाळे झाले. बर्फ, चिखल, गोठलेले ओढे, कशाबद्दलही त्या बुटांनी एकदाही कुरकुर केली नव्हती. साकेतच्या ओळखीत असं दुसरं कुणीच नव्हतं.

ते घ्यायला लावले शैलाताईंनी. डॉक्टर शैला कोटणीस, वय त्र्याहत्तर, भूलतज्ज्ञ. मिरजेहून आल्या, लीड्सच्या हॉस्पिटलात अडतीस वर्षं लोकांना झोपवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोकांना रविवारी सकाळी उठवायला सुरुवात केली. त्यांच्या 'पायवाट' या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतीस सभासद होते. पैकी हिवाळ्यात चालायला येत असत तिघं: ताई, साकेत आणि आश्लेषा. उरलेले अठ्ठावीस अंगठा वर केल्याचं चित्र पाठवत.

"टोपी, जॅकेट सगळं मागाहून," ताई म्हणायच्या. "आधी पाय. पाय गार पडले की माणसाची अक्कल गार पडते. मी पाहिलंय."

तिघांचे बूट एकाच बनावटीचे. त्यामुळे ताईंच्या घरी चहाला गेलं की निघताना गोंधळ व्हायचा, म्हणून ताईंनी आपल्या बुटांच्या टाचांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. घरात बूट घालून कुणीही यायचं नाही, हा तिथला कायदा. बॉयलरवाला आला, बूट बाहेर. पार्सलवाला आला, बूट बाहेर. एकदा चोरीच्या चौकशीसाठी पोलिस आला होता. त्याने ताईंचा जबाब मोजे घालून घेतला.

ते घर आता विकलं गेलं होतं. कोटणीसकाका जाऊन चार वर्षं झाली होती आणि ताईंचा मुलगा नील आईला लंडनमध्ये, ईलिंगला आपल्याकडे न्यायला आला होता. गुरुवारी सामानाची गाडी येणार होती. त्याआधीचा हा रविवार, शेवटचं चालणं. नील दंतवैद्य होता, इथेच जन्मलेला. आईवर त्याचा जीव होता, आणि तो व्यक्त करण्याची पद्धत म्हणजे तिला दर तासाला 'तू ओके आहेस ना' विचारणं.

स्किप्टनच्या वरच्या अंगाला, एका खेड्याच्या कार पार्कमध्ये ताई गाडीत बसून बूट चढवत होत्या.

"आई, ही बूट तिकडे कशाला पाहिजे?" नील म्हणाला. "लंडनमध्ये स्नो नाही पडत. चॅरिटीला देऊ ना."

"ही नाही, हे. आणि बूट माझे आहेत."

"आय नो. पण फ्लॅट सातव्या फ्लोअरवर आहे. पोर्च नाही."

"मग बूट कुठे काढायचे?"

"शू-रॅक आहे, आई. खूप छान शू-रॅक आहे."

ताईंनी नाडी इतकी घट्ट ओढली, की साकेतने नजर वळवली.

नील स्वतः धावायचे पातळ बूट घालून आला होता. ताईंनी ते पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हा सर्वांत कडक शेरा असे.

बर्फ घोट्यापर्यंत होता, आकाश पांढरं, वारा नाही. तापमान उणे तीन. साकेतने ऑफिसचा थर्मल कॅमेरा मुद्दाम आणला होता, कारण बुटांची थोरवी त्याला पुराव्यानिशी सिद्ध करायची होती. माळावर आल्यावर त्याने सगळ्यांना समोरून चालत यायला लावून चित्रण केलं आणि ते पडद्यावर दाखवलं. चेहरे पिवळे, मांड्या नारिंगी, जॅकेटं हिरवट. आणि गुडघ्यांखाली काहीच नाही. बूट बर्फाइतकेच निळे होते, बर्फात मिसळून गेलेले. एक माणूसही पायातून ऊब सांडत नव्हता. बर्फापासून हातभर उंचीवर अर्धी माणसं तरंगत चालली होती. अपवाद नील. त्याच्या पायांच्या जागी दोन शेगड्या पेटल्या होत्या.

"भुतं दिसतोय आपण," आश्लेषा म्हणाली.

"पाहा, कणभर उष्णता गळत नाही. याला म्हणतात काम!"

"म्हणजे भूत असलं तर तुझ्या कॅमेऱ्यात दिसणारच नाही."

"दिसलं, तर त्याचं इन्सुलेशन नीट केलेलं नाही."

ताई हसल्या. त्या दिवशी त्या हसल्या ती तेवढीच वेळ.

बाराच्या सुमाराला ते एका दगडी भिंतीपाशी टेकले. तिकडे माळरानावर अशा भिंती मैलोन्‌मैल धावतात, नुसते दगडावर दगड, ना चुना ना सिमेंट. मेंढरं अडावीत आणि माणूस जावा म्हणून त्यांत मधूनमधून वाट ठेवलेली असते. तिला स्टाइल म्हणतात. इथेही एक होती. दोन उभे, पुरुषभर उंच दगड, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी जागा आणि खाली झिजून गुळगुळीत झालेला आडवा दगड.

"हे मॅपवर नाहीये," नील फोन बघत म्हणाला. "पाथ भिंतीच्या बाजूने जाते. तिकडे काहीच नाही. ओन्ली मूर, नुसता माळ."

"असेल जुनी," साकेत म्हणाला.

फ्लास्कमधला चहा निघाला, थालीपिठं निघाली. साकेतने मान वळवली तर आश्लेषा त्या आडव्या दगडाशी वाकली होती. तिने एका बुटाची नाडी पूर्ण सोडली होती आणि दुसऱ्याला हात घातला होता.

"काय करतेस?"

"अरे, आत जायचं तर..." ती थांबली. तिने समोर पाहिलं. दगडांमधून पलीकडचा बर्फ दिसत होता. "कुठे आत?" तिने स्वतःलाच विचारलं आणि हसून नाडी बांधायला घेतली. "सवय रे. ते दगड दारासारखे दिसतात."

साकेत हसला नाही. कारण त्याच्या उजव्या पायाचं टोक डाव्या बुटाच्या टाचेवर टेकलं होतं, उभ्या उभ्या बूट काढताना टेकतं तसं. ते तिथे कधी गेलं, हे त्याला माहीत नव्हतं.

ताई उभ्या दगडाला हात लावून पलीकडे बघत होत्या.

"आज कुणाकडे तरी आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"काही नाही. चहा दे."

साकेतने कॅमेरा त्या दिशेने धरला. निव्वळ सवय. उभे दगड उणे तीन. आडवा दगड उणे तीन. मधल्या मोकळ्या जागेत आकडा आला एकोणीस.

एकोणीस अंश. घरातल्या हीटिंगचा थर्मोस्टॅट एवढ्यावर ठेवा, असं तो घरोघरी सांगत असे. पण कॅमेरा हवेचं तापमान दाखवत नाही. समोर भिंत, जमीन, काहीतरी पृष्ठभाग लागतो, त्याचं दाखवतो. आणि दगडांच्या मध्ये काहीच नव्हतं. त्याने कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला. उणे तीन. थंडीत बॅटरी दगा देते, हे त्याने स्वतःला सांगितलं आणि पटवूनही घेतलं.

एक वाजता धुकं उतरलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग मेंढरं गेली, मग वीस पावलांपलीकडचं सगळं गेलं. ताईंच्या नियमाप्रमाणे परत फिरायचं ठरलं: भिंत डाव्या हाताला ठेवायची, एकामागोमाग एक, आणि ताई सगळ्यांच्या मागे, कारण मागून सगळे दिसतात. मागून चालणारा मात्र कुणाला दिसत नाही, हा त्या नियमातला दोष आजवर कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

दहा मिनिटांनी नीलने नेहमीप्रमाणे विचारलं, "आई, तू ओके आहेस ना?"

मागून उत्तर आलं नाही.

ते जवळजवळ धावतच मागे आले. स्टाइलपाशी, आडव्या दगडाच्या अलीकडे, ताईंचे बूट ठेवलेले होते. शेजारी शेजारी, टाचेला टाच लावून, लाल ठिपके अलीकडे. नाड्या आत खोचलेल्या, हातमोजे घडी करून डाव्या बुटात. काठी भिंतीला टेकवलेली.

नीलने हाका मारल्या. धुक्याने त्या जागच्या जागी गिळल्या. त्याने फोन काढला, सिग्नल नव्हता. तो दगडांमधून पलीकडे जायला निघाला, तसा साकेतने त्याचा दंड धरला.

"तुझे पाय भिजलेत. तासाभराने तुलाच उचलायला लागेल."

"ती माझी आई आहे, साकेतदादा! शी'ज सेव्हंटी-थ्री! पायात नुसती सॉक्स!"

"म्हणूनच म्हणतोय. खाली फार्म आहे, तिथून माउंटन रेस्क्यूला फोन कर. आश्लेषा, तू त्याच्याबरोबर जा, भिंत सोडू नका. माझ्या पायात बूट आहेत. माझ्याकडे कॅमेरा आहे. मी आणतो त्यांना."

आश्लेषाने त्याच्याकडे पाहिलं. "साकेत, काही झालं तरी बूट काढू नकोस."

"मी कशाला काढीन?"

"मी काढत होते," ती म्हणाली.

दोघं धुक्यात गेले. साकेतने ताईंचे बूट सॅकमध्ये कोंबले. ते जड होते, कोरडे होते, आणि आतून अजून ऊबदार होते. अशाही वेळी त्या बुटांबद्दल त्याला आदर वाटला.

मग त्याने कॅमेरा पलीकडे धरला.

बर्फावर पावलं होती. लहान, नारिंगी, मोजे घातलेल्या पायांची. एक गोष्ट त्याला लगेच खटकली: बर्फावरची ऊब मिनिटभरात विझते. ताईंना जाऊन पंधरा मिनिटं झाली असावीत.

दुसरी गोष्ट त्याच्या थोड्या उशिराने लक्षात आली. ताईंच्या पावलांच्या आजूबाजूला आणखी पावलं होती. येणारी, जाणारी, एकमेकांना ओलांडणारी, लगबगीची. घरात कार्य असलं की माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पडतात तशी. सगळी अनवाणी.

त्याने पडद्यावरून नजर काढून बर्फ पाहिला. तिथे फक्त ताईंच्या मोज्यांचे ठसे होते.

त्याने पाय उचलला, आणि तो हवेतच राहिला.

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटली. कुणाच्या तरी स्वच्छ पुसलेल्या फरशीवर चिखलाचे बूट घेऊन चाललो आहोत, समोर बायामाणसं बसली आहेत, आणि आपल्याला कुणी काही शिकवलं की नाही, अशी ती लाज. आजवरच्या आयुष्यात तो कधीही, कुणाच्याही घरात, बूट घालून शिरला नव्हता. त्याची बोटं नाडीपर्यंत पोचली. गाठ सुटली.

त्याने दुहेरी गाठ मारली आणि बूट घालून आत गेला.

शांतता पडली.

आधीही काही आवाज होता असं नाही. पण भरल्या घरात कुणीतरी भलतंच वागावं आणि सगळ्यांनी एकदम बोलायचं थांबावं, तशी ती पडली.

प्रत्येक पावलागणिक बूट करकरत होते.

"माफ करा," तो कुणालातरी म्हणाला. "दोन मिनिटं फक्त."

वीस-पंचवीस पावलांवर ताई बसल्या होत्या. बर्फावर, मांडी घालून, पाठ ताठ, पदर सावरावा तसं जॅकेट पुढे ओढून. चेहरा प्रसन्न होता. साकेतने तो इतका प्रसन्न कोटणीसकाका गेल्यापासून पाहिला नव्हता.

त्याने कॅमेरा खाली आणायला हवा होता. तो आणला नाही.

पडद्यावर ताई नारिंगी होत्या. त्यांच्या डाव्या हाताला बर्फावर एक ऊबदार चौकोन होता, माणूस मांडी घालून बसल्यावर मावेल एवढा. त्याच्यापुढे दुसरा. त्याच्यापुढे तिसरा. समोरही तशीच ओळ. दोन्ही ओळी सरळ, पंगतीसारख्या, धुक्यात दूरवर गेलेल्या.

ताईंच्या उजव्या हाताचा एकच चौकोन गार होता. रिकामा.

त्याने कॅमेरा बंद केला.

"ताई, चला."

ताईंनी वर पाहिलं. मग त्याच्या पायांकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"साकेत! अरे, बूट! बूट घालून आलास?"

"हो."

"लोकांच्या घरात? काय म्हणतील सगळे?"

"ताई, नील वाट बघतोय."

"नीलला इथेच बोलाव ना. पाणी देताहेत बघ, बस जरा. मला नाही रे जायचं सातव्या मजल्यावर."

हे त्या अगदी साधेपणाने बोलल्या. ही त्यांच्या मनातली गोष्ट होती. ती त्यांनी मुलाला सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती.

"मग नका जाऊ," तो म्हणाला. "पण हे त्याला तुम्ही स्वतः सांगा. तो पातळ बूट घालून बर्फात पळत गेलाय. पाय गार पडले की अक्कल गार पडते, तुम्हीच म्हणता. त्याला कोण बघणार?"

ताईंनी जॅकेट पुन्हा पुढे ओढलं.

"मूर्ख आहे," ताई म्हणाल्या. "कार्टा ट्रेनर्स घालून आला."

त्यांनी हात वर केला. साकेतने पाठ वळवून त्यांना पाठुंगळी घेतलं. त्या हलक्या होत्या. दगडांपर्यंतची पंचवीस पावलं त्याने एकदाही मान वळवली नाही. त्याच्या खांद्यावरून ताई मागे बघून हलक्या आवाजात बोलत होत्या.

"चुकलं हो त्याचं. मनाने चांगला आहे. ... नाही नाही, उठू नका. ... येते हं."

उंबरा ओलांडल्यावर त्याने त्यांना भिंतीशी टेकवलं आणि बूट चढवले. या वेळी ताईंनी हातही न हलवता ते चढवून घेतले.

माउंटन रेस्क्यूची लँड रोव्हर फार्मच्या रस्त्याने निम्म्या वाटेवर भेटली. नील उतरून धावत आला आणि आईच्या गळ्यात पडला.

"तुला ईलिंग नको आहे?" ताईंनी दोन वाक्यांत सांगितल्यावर तो म्हणाला. "मग नको. घर शोधू. इथेच शोधू. यू शुड हॅव सेड, आई."

"तू शू-रॅक घेऊन बसला होतास."

पुढे ड्रायव्हरशेजारी आश्लेषा बसली. मागे एका बाजूला ताई आडव्या, त्यांच्या उशाशी नील, पायाशी साकेत. समोरच्या लांब बाकावर एक स्वयंसेवक, लाल जॅकेटमधला पन्नाशीचा इंग्रज गृहस्थ, एकटाच. त्याने ताईंचे बूट उतरवले, मोजे काढले आणि तळवे चोळायला म्हणून हातात घेतले. ते गुलाबी होते. मोजे कोरडे होते.

"टोस्टी!" हाताला ऊब लागल्यावर तो खूश होऊन म्हणाला. "दॅट्स प्रॉपर बूट्स, दॅट इज. दे'व्ह सेव्ह्ड यू, लव्ह."

ताई बर्फात बसल्या होत्या तेव्हा बूट पायात नव्हते, हे साकेतने त्याला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? गृहस्थ बाकाच्या मध्यावर जाऊन बसला आणि मांडीवर फॉर्म घेऊन लिहायला लागला. दार बंद झालं. गाडी सुरू झाली.

साकेतने डोळे मिटले. सगळं ठीक होतं. ताई बचावल्या होत्या, नीलला आई मिळाली होती.

"साकेत," ताईंनी हळूच हाक मारली.

"बोला."

"येताना दार ओढून घेतलंस ना रे?"

त्याने डोळे उघडले.

"नाहीतर पोचवायला येतात," ताई म्हणाल्या. "फार मायेची माणसं आहेत. गाडीपर्यंत येतात."

"घेतलं," साकेत म्हणाला.

ताईंनी समाधानाने मान डोलावली आणि कूस बदलली.

समोरच्या बाकावरच्या गृहस्थाने फॉर्मवरून डोळे न उचलता, बाजूला कुणी येऊन बसल्यावर आपण सरकतो तसा, कडेला सरकून जागा करून दिली.

मग आणखी थोडी.